निर्वासितांचा निवारा आणि एलटीव्ही (इंदूर)

निर्वासितांचा निवारा म्हणजे छळामुळे किंवा लढाईमुळे आपला देश सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्या देशात मिळणारं छप्पर, तिथे राहायची कायदेशीर परवानगी, आणि त्या परवानगीच्या जोरावर चालणारं रोजचं जगणं, म्हणजे भाडं, शाळा, दवाखाना, कामधंदा सगळं आलं त्यात. तंबू, तारेचं कुंपण, रेशनची लाइन हे चित्र टीव्ही बघून डोक्यात बसलंय, पण इंदूरमध्ये तसं काहीच दिसत नाही. इथे पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातून आलेले सिंधी हिंदू गेली कित्येक वर्षं साध्या कॉलन्यांमध्ये भाड्याने राहतायत, आणि शेजारच्या मराठी घरांना बरेचदा पत्ताच नसतो की वरच्या मजल्यावरच्या काकांचा पासपोर्ट हिरवा आहे. छप्पर नातेवाईक देतात, सरकार देतं तो एक कागद, एलटीव्ही, म्हणजे लाँग टर्म व्हिसा. ही नोंद मुख्यतः त्या कागदाबद्दलच आहे, कारण इथलं राहणीमान घराच्या भिंतींपेक्षा त्या कागदावर जास्त ठरतं.

आधी जगाचा नियम थोडक्यात. १९५१ चा जिनिव्हा करार आणि १९६७ चा त्याचा प्रोटोकॉल यांच्यावर सगळी इमारत उभी आहे. त्यातलं ३३ वं कलम सांगतं की जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. घर, काम, शिक्षण, सरकारी मदत यांच्यावरही त्यात वेगवेगळी कलमं आहेत. अर्ज केलाय पण निकाल लागला नाही तो शरणार्थी अर्जदार, निकाल बाजूने लागला की निर्वासित, आणि या दोन पायऱ्यांच्या मधे लोकांची वर्षंच्या वर्षं जातात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ च्या शेवटी जगात साधारण १२ कोटी ३२ लाख लोक जबरदस्तीने विस्थापित होते, त्यातले ४ कोटी २७ लाख देशाबाहेर गेलेले निर्वासित, आणि त्यांना सांभाळणारे बहुतेक देश श्रीमंत नाहीत, शेजारचे आहेत. छावणीसाठी ठरलेलं किमान माप म्हणजे माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा आणि दिवसाला १५ लिटर पाणी, म्हणजे एक बादली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून कुरकुरणाऱ्या आम्हा इंदूरकरांनी हा आकडा एकदा नीट वाचावा.

भारताने या करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही इथे नाही. कायद्याच्या नजरेत आलेला प्रत्येक जण आधी विदेशी नागरिक, मग तो फिरायला आलेला असो की जीव वाचवायला. १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट होता तेव्हाही हेच होतं आणि त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा आला तरी मूळ मांडणी तीच आहे. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ लोकांचं सरकार स्वतः बघतं, अफगाण, म्यानमार वगैरेंचे अर्ज उच्चायुक्तालयाचं दिल्लीचं ऑफिस बघतं. कोर्टांनी मात्र थोडी जागा करून दिलीय. १९९६ मध्ये, पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलमध्ये आलेल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २१ वं कलम, म्हणजे जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही लागू आहे. १९९८ मध्ये गुजरात हायकोर्टाने दोन इराक्यांच्या केसमध्ये परत न ढकलण्याचं तत्त्व त्याच कलमातून काढलं. उलट २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला, प्रक्रिया पाळा एवढंच म्हटलं. म्हणजे हक्क आहे, पण तो कुठल्या देशातून आणि कुठल्या यादीतून आलात त्यावर खूप हलतो.

फाळणीचा काळ वेगळाच होता. तेव्हा आलेल्यांना निर्वासित म्हणत पण नागरिकत्वाचा प्रश्नच फारसा नव्हता, प्रश्न जागेचा होता. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, भोपाळजवळ बैरागढ वसलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहून गेले होते तिथे नंतर सिंधी आले आणि गांधीनगर उभं राहिलं. बडोद्याला वारसिया, ग्वाल्हेरला लष्कर भागात वस्त्या झाल्या. इंदुरात सिंधी कॉलनी, जयरामपूर कॉलनी, पलसीकर कॉलनी अशी नावं सगळ्यांना माहीत आहेत, पलसीकर हे आडनाव तर आपलंच. अलीकडच्या वर्षांत जे पाकिस्तानातून आले ते बहुतेक याच लोकांचे भाऊबंद, म्हणून पाय आपोआप इकडेच वळले. आधी मावशीकडे उतरायचं, मग त्याच गल्लीत एक खोली, मग दुकानात गल्ल्यावर किंवा गोडाऊनमध्ये काम. जोधपूरकडे आलेले भिल्ल आणि मेघवाळ लोक शहराबाहेर उघड्यावर झोपड्या टाकून राहिले, दिल्लीत मजनू का टीला इथे वीज-पाण्याचे हाल झाले, तसं इंदुरात झालं नाही याचं क्रेडिट प्रशासनाला देण्यात अर्थ नाही, इथे आधीपासून पाय रोवलेली व्यापारी बिरादरी होती आणि तिने माणसं सामावून घेतली, इतकं सरळ आहे ते.

आता कागदाचं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तान्यांना व्हिसा देणं थांबलं तोपर्यंत माणूस यायचा व्हिजिटर व्हिसावर, तीर्थयात्रा किंवा नातेवाईकांचं लग्न असं कारण असायचं. आल्या आल्या पोलिसांत नोंद करायची, मग एलटीव्हीचा अर्ज ऑनलाइन टाकायचा, जामीन राहणारा स्थानिक माणूस लागतो, चौकशी होते. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत एलटीव्ही मिळू शकतो, नंतर परत वाढवायचा. २०१६ पर्यंत या कागदावर नुसतं राहता यायचं, बाकी बरंच अडायचं. त्या वर्षी केंद्राने बँक खातं, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, स्वतःचा धंदा आणि राहत्या राज्यात फिरायची मोकळीक दिली आणि नागरिकत्वाची फी हजारोंवरून १०० रुपयांवर आणली. एक घर आणि धंद्यासाठी एक जागा विकत घेता येते, पण कँटोन्मेंट भागात नाही, म्हणजे इंदूर जिल्ह्यातच असूनही महूच्या छावणीत चालणार नाही.

घरमालकाच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं, कारण मराठी माणूस इथे बहुतेक मालक म्हणूनच येतो. विदेशी नागरिक घरी उतरवला तर २४ तासांत सी-फॉर्म म्हणून ओळखला जाणारा त्याच्या माहितीचा फॉर्म भरून कळवायचं असतं. रिटायर झालेले काका हे ऐकूनच घाबरतात आणि नको बाबा झंझट म्हणून मोकळे होतात. म्हणून खोल्या समाजातच फिरतात, बाहेर क्वचित. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला आणि सरकारने पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द केले तेव्हा ही भीती अजून वाढली. हिंदूंना दिलेले एलटीव्ही कायम राहतील असं परराष्ट्र खात्याने लगेच स्पष्ट केलं होतं, तरी नुकतेच व्हिजिटर व्हिसावर आलेले आणि अजून अर्ज न केलेले लोक अधांतरी राहिले.

एलटीव्ही म्हणजे नागरिकत्व नव्हे. साधा रस्ता लांब आहे, एकूण बारा वर्षांचा (अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्याआधीची अकरा), आणि भारतीय वंशाच्या माणसाला सात. पण भारतीय वंशाचा म्हणजे तो स्वतः किंवा आईबापांपैकी कोणीतरी अखंड भारतात जन्मलेला हवा. म्हणजे १९४५ ला सक्करला जन्मलेल्या आजोबांना आणि त्यांच्या मुलाला सात वर्षं, आणि ज्या नातवाचे आईवडील फाळणीनंतर पाकिस्तानात जन्मले त्याला बारा, जरी तिघं एकाच दिवशी वाघा ओलांडून आले असले तरी. इथेच जन्मलेलं पोरसुद्धा आपोआप भारतीय होत नाही, ३ डिसेंबर २००४ पासून निदान आई किंवा वडील भारतीय नागरिक हवेत आणि दुसरं अवैध प्रवासी नको. त्यामुळे इंदूरच्या दवाखान्यात जन्मलेलं, पोहे-जिलेबीवर वाढलेलं मूल कागदोपत्री विदेशी असू शकतं.

काम सोपं व्हावं म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये सात राज्यांतल्या १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्व द्यायचे अधिकार दिले, त्यात मध्यप्रदेशातून भोपाळ आणि इंदूर होते (बडोद्याचा नंबर मे २०२१ मध्ये लागला). तेव्हापासून मोती तबेल्याच्या कलेक्टर ऑफिसात अधूनमधून प्रमाणपत्रं वाटायचे कार्यक्रम होतात, पुढाऱ्यांचे फोटो, हार, पेढे, सगळं. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने, म्हणजे सीएएने, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी अकरा वर्षांची अट पाचवर आणली, पण नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडला. त्यात मुदत संपलेली पाकिस्तानी कागदपत्रंही चालतात हा मोठा दिलासा, कारण आधी पासपोर्ट रिन्यू करायला पाकिस्तानच्याच हायकमिशनचे उंबरे झिजवावे लागायचे, ज्या देशातून पळून आलो त्याच्याकडेच हात पसरायचे. २०१५ पासून पुढे आलेल्यांना सीएएचा फायदा नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागद नसले तरी राहायची सूट मिळाली, पण ती राहायची सूट आहे, नागरिकत्वाची तारीख अजून २०१४ च आहे, आणि हे दोन्ही एकच समजून लोक एजंटांना पैसे देतात.

शिकलेल्यांचं नुकसान जास्त होतं. दुकानदार इथे येऊन दुकानदारच राहतो, पण तिकडचा डॉक्टर इथे प्रॅक्टिस करू शकत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा डॉक्टरांना परीक्षा देऊन कायम नोंदणी मिळवायची सोय केली, मात्र २०१४ च्या शेवटापर्यंत आलेला आणि भारतीय नागरिक झालेला हवा. बाकीचे मेडिकल स्टोअरवर, लॅबमध्ये किंवा भावाच्या कापड दुकानात काम करतात.