डर्टी रिअॅलिझम

अमेरिकेतील कष्टकरी व कनिष्ठ मध्यमवर्गीय माणसांच्या रोजच्या जगण्याविषयीच्या, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वास्तववादी कथांचा प्रवाह. ‘ग्रँटा’ या ब्रिटिश नियतकालिकाचे संपादक बिल ब्युफोर्ड यांनी १९८३ मध्ये आठव्या अंकासाठी हे नाव योजले. त्यात रेमंड कार्व्हर, रिचर्ड फोर्ड, टोबायस वुल्फ, बॉबी अॅन मेसन, जेन अॅन फिलिप्स आदींचे लेखन होते. या लेखकांनी मिळून कुठलाही जाहीरनामा काढला नव्हता. ओळख बाहेरून मिळाली.

त्याआधी कथनाच्या रूपाशीच खेळणाऱ्या प्रयोगशील लेखनाचा अमेरिकेत बोलबाला होता. या कथांनी वेट्रेस, सेल्समन, नोकरी गेलेले नवरे, दारू सोडू पाहणारी माणसे पुन्हा मध्यभागी आणली. मेसन यांच्या केंटकीतल्या ‘शायलो’ कथेत अपघातात पाय जायबंदी झालेला ट्रकचालक लेरॉय घरी बसून आइस्क्रीमच्या काड्यांचे छोटे घर बांधतो. औषधाच्या दुकानात नोकरी करणारी बायको नॉर्मा जीन वजने उचलण्याचा व्यायाम करते. संसार मोडत चालल्याचे वाचकाला एवढ्यावरूनच उमगते.

प्रवाहातले सर्वांत मोठे नाव कार्व्हर (१९३८–१९८८) यांचे. वडील लाकूड गिरणीत कामगार. विशीच्या आतच लग्न आणि लगोलग मुले. रुग्णालयात झाडलोटीचीही नोकरी. पोरांचे करता करता कादंबरीला निवांतपणा मिळेना, म्हणून एका बैठकीत हातावेगळे होईल असे लिहावे लागले, हे त्यांनीच नोंदवले आहे.

त्यांच्या गाजलेल्या शब्दांच्या काटकसरीत संपादक गॉर्डन लिश यांच्या कात्रीचा वाटा मोठा होता. ‘द बाथ’ (१९८१) मध्ये वाढदिवशीच मोटारीने उडवलेला मुलगा रुग्णालयात बेशुद्ध आहे आणि घरी फोन वाजतो. कथा तिथेच तुटते. कार्व्हर यांनी १९८३ च्या ‘कॅथीड्रल’ संग्रहात तीच कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ म्हणून विस्ताराने दिली. मुलगा जातो. वाढदिवसाच्या केकच्या पैशांसाठी फोन करून छळणाऱ्या बेकरीवाल्याला जाब विचारायला आईबाप मध्यरात्री जातात. तो माफी मागतो, गरम रोल पुढे ठेवतो आणि तिघे पहाटेपर्यंत बोलत बसतात. ही दुसरी कथा निर्विवाद श्रेष्ठ आहे: पहिलीत भीती आहे, हिच्यात भीतीनंतरची माणसे आहेत. ‘द बाथ’ ज्यात होती त्या १९८१ च्या संग्रहाची काटछाटीपूर्वीची संहिता २००९ मध्ये ‘बिगिनर्स’ नावाने प्रसिद्ध झाली. कार्व्हर यांना केवळ मितभाषी कथाकार मानणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.