यॅडलची खुर्ची आणि बोबाची मैफल

चवथीला पेडण्याच्या घरी जमलो होतो. भाच्याने विचारलं, "मामा, बोबा फेट त्या बँडवाल्या हटच्या मागे लागतो, ते पहिल्या पिक्चरच्या आधी की नंतर?" बोबा फेट म्हणजे स्टार वॉर्समधला पैसे घेऊन माणसं पकडणारा शिकारी, आणि हट ही तिथली एक जात. मी हातातली नेवरी ताटात ठेवली. हा प्रश्न मला इतक्यांनी इतक्या तऱ्हांनी विचारलाय की आता उत्तर तोंडपाठ झालंय. आधी नाही, नंतरही नाही. ते घडलंच नाही.

घोळ आहे ‘टेल्स’ आणि ‘व्हिजन्स’ यांच्यातला. दोन्ही स्टार वॉर्सच्या अ‍ॅनिमेशन मालिका, दोन्हींत सुट्या, आखूड गोष्टी. स्टार वॉर्स म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. डेव्ह फिलोनीची ‘टेल्स ऑफ द जेडाय’ २०२२ला आली. सहा भाग, तीन अनाकिनची शिष्या अहसोका हिचे, तीन जेडाय सोडून उलटलेल्या काउंट डुकूचे. मग २०२४ला ‘टेल्स ऑफ द एम्पायर’ आणि २०२५ला ‘टेल्स ऑफ द अंडरवर्ल्ड’, त्याच मापाच्या. ‘व्हिजन्स’चा पहिला संच २०२१चा. त्यात सात जपानी स्टुडिओंनी केलेल्या नऊ फिल्म्स आहेत, प्रत्येकीची चित्रशैली निराळी. ‘टेल्स’ सगळी एकाच धाटणीची, ‘द क्लोन वॉर्स’ मालिकेसारखी. एवढा फरक डोळ्यांनाच दिसतो, त्यावर शाई घालवत नाही.

लोक अडकतात ते कॅननपाशी, म्हणजे कोणती गोष्ट खरी धरायची त्यापाशी. लुकासफिल्मने २०१४ साली जाहीर केलं की चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ मालिका हा अधिकृत इतिहास; तोवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे सगळं ‘लेजंड्स’मध्ये गेलं. ‘टेल्स’ या अधिकृत इतिहासात बसते. ‘व्हिजन्स’ करताना स्टुडिओंना काळाच्या त्या पट्टीतून मोकळं सोडलं होतं.

आमच्या पेडण्यात हे समजावायला दशावतार पुरतो. जत्रेत मध्यरात्रीनंतर आख्यान उभं राहतं. देव ओळखीचे, नारद ओळखीचा, पण राजा आणि राक्षस बरेचदा कंपनीने रचलेले. प्रेक्षक पहाटेपर्यंत जागचा हलत नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो राक्षस कोणत्या पुराणात आहे म्हणून कोणी पोथी उघडत नाही. ‘व्हिजन्स’ म्हणजे ते आख्यान. ‘टेल्स’ म्हणजे पोथीतलं गळालेलं पान परत शिवणं.

हे शिवणं कसं असतं ते यॅडलवरून पाहा. १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये जेडाय कौन्सिलमध्ये योडाच्या जातीची ती बसलेली दिसते. तिला एकही संवाद नाही. २००२च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये ती नाहीच. ‘टेल्स ऑफ द जेडाय’च्या चौथ्या भागात डुकू तिला मारतो. त्याच भागात तो जेडायांच्या ग्रंथालयातून, क्लोन सैन्य जिथे घडलं त्या कामिनो ग्रहाची नोंदही पुसतो, म्हणजे ओबी-वानला नकाशात जी पोकळी सापडते ती कोणाच्या हातची, हे पहिल्यांदा पडद्यावर दिसतं. आता जुने चित्रपट पुन्हा बघताना ती खुर्ची आणि ती पोकळी पूर्वीसारखी दिसत नाही.

बोबाची गोष्ट ‘तातुईन रॅप्सडी’मधली, ‘व्हिजन्स’च्या पहिल्या संचातली. त्यात जब्बा आहे, बोबा आहे, आणि इंग्रजी आवृत्तीत बोबाला आवाज पडद्यावरच्या बोबाचा, टेमुएरा मॉरिसनचाच. फसगत इथेच होते. ओळखीचा चेहरा, वर ओळखीचा आवाज, म्हणजे पूर्वकथाच असणार असं माणूस धरून चालतो. पण ती मैफल काढून टाकली तर बोबाच्या आयुष्यातला एक दिवसही कमी होत नाही.

चेहऱ्यावर जाऊ नका, याचा आणखी पक्का पुरावा देतो. ‘टेल्स ऑफ द जेडाय’च्या सहाव्या भागात अहसोकासमोर एक इन्क्विझिटर, म्हणजे साम्राज्याने पोसलेला जेडायांचा शिकारी, उभा राहतो. ‘व्हिजन्स’च्या २०२३च्या संचात ‘द बँडिट्स ऑफ गोलक’ आहे, मुंबईच्या ८८ पिक्चर्सची, दिग्दर्शक इशान शुक्ला. रेल्वे, ढाबा, भाऊ-बहीण, आणि त्यांच्या मागे पुन्हा इन्क्विझिटरच. पहिला इतिहासात जमा, दुसरा आख्यानात.

आणि म्हणून दुसरी फिल्म बघायची नाही म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. "कॅनन नाही ना? मग सोड." अरे, आपल्याकडचा ढाबा त्या आकाशगंगेत पहिल्यांदा उघडलाय आणि तुम्ही दाखले तपासताय! माझं स्पष्ट मत सांगतो. डुकूचे तीन भाग सोडले तर ‘टेल्स’मध्ये ‘व्हिजन्स’च्या ‘द ड्यूएल’च्या तोडीचं काही नाही. अहसोकाचा पहिला भाग तर बारशाचा व्हिडिओ आहे. पाचवा मात्र चुकवू नका. अनाकिन क्लोन सैनिकांकडून तिच्यावर पुन्हा पुन्हा बेशुद्ध पाडणाऱ्या गोळ्या का झाडून घेतो ते कळल्यावर ऑर्डर ६६ मधून, म्हणजे क्लोन सैनिकांना मिळालेल्या जेडायांना मारायच्या हुकमातून, ती कशी वाचली ते वेगळं सांगावं लागत नाही.

एक उपघोळ. १९९३पासून निघालेल्या डार्क हॉर्सच्या कॉमिक्सचं नावही ‘टेल्स ऑफ द जेडाय’च. ती हजारो वर्षं आधीची कथा, आणि आता ‘लेजंड्स’मध्ये. नाव एक म्हणून जोडायला जाऊ नका.

पोथीसुद्धा सगळीकडे जुळते असं नाही, हेही सांगून ठेवतो. सहाव्या भागातली शेतकऱ्यांच्या वस्तीत लपलेली अहसोका २०१६च्या कादंबरीतही आहे, तीही २०१४ नंतरची, म्हणजे अधिकृतच. तपशील मात्र वेगळे. अशा वेळी मी पडद्यावरचं धरतो.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे बँड खोटा?" मी म्हटलं, जत्रेतला राक्षस खोटा असतो का रे? तो म्हणाला, "मामा, मी झोपतो जत्रेत."