जिताड्याच्या तळ्यात बासचा नियम

पनवेल-उरणकडे फार्महाऊस घेतलेले लोक हल्ली हौसेने तळ्यात जिताडा हा खाडीतला शिकारी मासा सोडतात आणि व्हिडिओ बघून एक नियम पाळायला लागतात: लहान मासा काढायचा, मोठा परत पाण्यात. नियम खोटा नाही. पण तो या माशाचा नाही. तो अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा आहे, आणि तिथेही तो पहिल्यापासून असाच नव्हता.

1930 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात जमिनीची धूप थांबवायला आणि गुरांना पाणी मिळावं म्हणून शेताशेतांत तळी खोदली जाऊ लागली. तळं आहे तर मासे सोडू, हे ओघानंच आलं. अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल या संशोधकाने त्याचा हिशेब मांडायला घेतला. त्याची पद्धत रांगडी होती: तळं पूर्ण उपसायचं आणि आतला मासा न् मासा मोजून, वजन करून लिहायचा. 1950 साली त्याने ‘संतुलित’ आणि ‘असंतुलित’ तळ्यांवर जे प्रसिद्ध केलं, त्यावर पुढची सगळी तळ्यातली मासेमारी उभी आहे. त्याची जोडी ठरलेली होती. खाणारा बास आणि खाल्ला जाणारा ब्लूगिल. ब्लूगिल हा चपटा, किडे खाणारा, उन्हाळाभर अंडी घालणारा मासा. लोकांनी बास ओरपले की ब्लूगिल बेसुमार वाढायचे, कुणालाच पोटभर मिळायचं नाही, सगळे तळहाताएवढेच राहायचे. वर ते बासच्या घरट्यातली अंडीही खायचे. म्हणजे पहिला धडा होता: बास जपून काढा.

मग काळ फिरला. 1970 च्या दशकात बास पकडण्याच्या स्पर्धा फोफावल्या. त्या भरवणाऱ्या रे स्कॉटने 1972 च्या सुमारास पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला आणि तो असा काही रुजला, की बास खाणं हौशी गळकऱ्यांना पापच वाटू लागलं. परिणाम तळ्यांत दिसला. जिकडे तिकडे फूटभराचे बास, डोकं मोठं आणि अंग वाळलेलं. बासचं एक किलो अंग भरायला ढोबळमानाने दहा किलो बारीक मासे लागतात. एवढी तोंडं पोसणार कोण? म्हणून उलटा सल्ला आला. बारा इंचांखालचे बास दरवर्षी काढून खा, बारा ते पंधरा इंचांचे सोडा, म्हणजे त्यातले काही खरे मोठे होतील. व्हिडिओतला नियम तो हा. त्याचा पाया एकच: बास त्याच तळ्यात विणतो आणि गरजेपेक्षा जास्त विणतो.

जिताडा विणत नाही. निदान तळ्यात नाही.

हा मासा वाढतो गोड्या, मचूळ, कशाही पाण्यात, पण अंडी घालायला त्याला समुद्राचं खारं पाणीच हवं. पावसाळ्यात त्याची पिल्लं भरतीबरोबर खाडीच्या फाट्यांत, उघाडीतून म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेतून खारशेतात शिरतात. उरण, पेण, अलिबागकडच्या आगरी-कोळी घरांनी ती पिल्लं धरून घरामागच्या तळ्यात सोडायची रीत जुनी. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात निघाल्या, भराव पडले, आणि बऱ्याच ठिकाणी भरतीचं पाणी आत यायचंच थांबलं. तळी उरली ती गावठाणाच्या कडेला. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेने 1997 साली जिताड्याचं प्रजनन बंदिस्तात करून दाखवल्यावर उबवणीची पिल्लं मिळायचा मार्ग उघडला.

माझ्या मामांचं तळं उरणच्या अलीकडे. मे महिन्यात पाणी मांडीपर्यंत उतरलं की ते पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उतरायचे. पहिल्या फेकीला चिलापीच चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया, 1952 साली भारतात आणलेला, आणि विणीच्या बाबतीत ब्लूगिललाही मान खाली घालायला लावणारा. तीच जिताड्याचा चारा. दोन-चार फेकींनंतर जाळ्यात काहीतरी जड, दांडगं उसळायचं. मामा कल्ल्याला हात न लावता खालचा जबडा अंगठ्याने धरून उचलायचे, कोपरापासून हाताला लावून मापायचे, आणि हात-सव्वा हात भरला तर थेट टोपलीत. एकदा शहाणपणाने मी म्हटलं, मोठा राहू दे की. ते म्हणाले, ‘‘मोठाच पयला काढायचा. नायतर तो बारके साफ करल.’’

ते बरोबर होते. जिताडा बोटभर असताना आपल्या निम्म्याहून लांब भावंडाला गिळतो. पन्नास पिल्लं सोडून वर्षाने आठ-दहाच हाती लागली, तर चोर तळ्यातच असतो. नवी पिल्लं सोडायच्या आधी मोठे काढलेच पाहिजेत, आणि वर्षाला ठरवून किती सोडायची हे आपल्याच हातात. स्विंगलच्या धड्यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे खाणारे आणि खाल्ले जाणारे यांचा मेळ, इथे तंतोतंत लागू पडतो: जिताडे फार काढले आणि नवे सोडले नाहीत तर चिलापी तळं भरून टाकते. दुसरा अर्धा भाग, म्हणजे मासा राखून ठेवायचा सल्ला, लागू पडत नाही, कारण तळ्यात राखून ठेवलेला मोठा जिताडा पुढची पिढी देणार नाही.

खाडीत मात्र हिशेब पालटतो. जिताडा आधी नर असतो आणि बरीच वर्षं जगला तर मादी होतो. मोठे ते बहुतेक माद्याच. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटिमीटरहून लहान आणि 120 सेंटिमीटरहून मोठा मासा पाण्यात परत सोडावा लागतो. मामांच्या टोपलीतले दोन-तीन किलोवाले जवळपास सगळे नरच असणार, ते काढून काही बिघडलं नाही. पावसाच्या तोंडावर खाडीत सापडलेला दहा किलोचा जिताडा बाजारात चिरला जातो तेव्हा गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, वेगळी काढून ठेवतात, तिचा भाव वेगळा लागतो.