पात्र, अपात्र आणि मागे उरलेली माणसं

मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द दिवसभर कानावर पडतात. घरकुलाची यादी, अतिवृष्टीचं अनुदान, निराधारांचा पगार, सगळीकडे तेच. एका प्रकरणात मात्र पात्रता तपासली जाते ती गेलेल्या माणसाच्या मरणाची. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर ती पात्र की अपात्र, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. घरातलं माणूस असं गेल्यावर उरलेल्यांनी सावरायचं कसं, आणि ज्याच्या स्वतःच्या डोक्यात असे विचार येऊन गेले त्याने ते बोलायचे कुणाकडे, हे प्रश्न या भागात बराच काळ त्या दोन शब्दांच्या मागे उभे राहिले. म्हणून आधी त्या शब्दांबद्दल.

डिसेंबर २००५ आणि जानेवारी २००६ मधल्या शासन निर्णयांनी मदतीची चौकट ठरली. वारसाला एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार मासिक प्राप्तीच्या ठेवीत. कारणं तीन मान्य: नापिकी, कर्ज फेडता न येणं, फेडीचा तगादा. कर्जही राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी बँकेचं, पतसंस्थेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचंच हवं. जमीन मृताच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नावावर असावी लागते.

आता गावात कर्ज कसं असतं ते पाहा. मोंढ्यातल्या दुकानातून उचललेल्या खता-बियाण्याची उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, मुलीच्या लग्नात कुणी न लिहिता दिलेले पैसे, बीड-जालन्यातून ऊसतोडीला कारखान्यावर जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली उचल. यातलं काहीच बँकेच्या दाखल्यावर येत नाही. बटईने करणाऱ्याच्या नावाचा सातबारा नसतो, भूमिहीन शेतमजुराचा तर प्रश्नच मिटला. रान कसणारी बाई गेली तर ती ‘शेतकरी’ होती का, इथून सुरुवात होते.

चौकशीला तलाठी येतात, पोलिसांचा पंचनामा असतो, कृषी खात्याचा अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल, व्हिसेऱ्याच्या (पोटातल्या अवयवांच्या) तपासणीची वाट पाहणं. दहावा व्हायच्या आत कागदं गोळा करायला लागतात. प्रश्न ठरलेले असतात. दारू प्यायचा का? घरात कटकट होती का? काही दुखणं होतं का? या प्रत्येक प्रश्नाचं ‘हो’ असं उत्तर प्रकरण अपात्रतेकडे ढकलू शकतं, हे बाईला भावकीतल्या कुणीतरी आदल्या रात्रीच सांगितलेलं असतं. मग ती एकच कारण सांगते. पाऊस नव्हता, बँकेची नोटीस होती. ते खोटं नसतंच. पण तेवढंच खरं आहे असं तिला वर्षभर, प्रत्येक टेबलावर, सांगत राहावं लागतं.

माझ्या मते या निर्णयाचा सर्वांत दूरवर गेलेला परिणाम पैशाचा नाही, तो इथे आहे. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असतं. उदासीनतेचा आजार, व्यसन, देणं, अपमान, घरातले ताण यांचा गुंता असतो, आणि त्यातला आजाराचा धागा उपचाराने सुटू शकतो. आपल्याकडच्या कागदाने नेमका तोच धागा लपवायला शिकवलं. ‘डोक्याच्या गोळ्या चालू होत्या’ हे वाक्य जबाबात आलं तर मरण आजारपणात मोजलं जाईल, ही भीती. मग गोळ्यांची पाकिटं घरातून नाहीशी होतात. धाकट्या भावाला तसंच काही व्हायला लागलं, तर तो कुठल्या तोंडाने सांगणार?

प्रशासनाचीही एक बाजू आहे. सार्वजनिक पैसा द्यायचा तर निकष लागतात, आणि निकष म्हटले की कुणीतरी बाहेर राहतंच. मंचावरून अधूनमधून एक तिसरा सूरही ऐकू येतो, की मदत मिळते म्हणून लोक जीव देतात. तीस हजार हातात पडण्यासाठी संसार उघडा टाकणारा माणूस मला तरी कुठे भेटला नाही. पण हे वाक्य घरातल्यांनी ऐकलेलं असतं आणि ते विसरत नाहीत.

अपात्र ठरलेल्या घरांचं दुःख वेगळंच असतं. समितीने फक्त मदत नाकारलेली असते. गावात त्याचा अर्थ लागतो, ‘म्हणजे कारण घरातच होतं’. बोट बायकोकडे जातं. फेरचौकशीचा अर्ज करणाऱ्या कित्येक जणींना रकमेपेक्षा ते बोट खाली करायचं असतं.

‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्दही याच काळात रुळला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या साच्यातून तो निघाला. आधी जिल्ह्यांना लागला, मग कुटुंबांना, आणि शाळेच्या फी माफीच्या अर्जातून पोरांनाही. पूर ओसरतो, दुष्काळ संपतो; या शब्दातून बाहेर कधी पडायचं याची तारीख कुठल्याच परिपत्रकात नाही.

२००६ साली केंद्राने मोठं पॅकेज दिलं, ३,७५० कोटींचं. ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी होतं. मराठवाड्यातला एकही जिल्हा त्यात नव्हता. त्या वेळी आकडे तिकडे जास्त होते हे खरं, तरी आमच्याकडे ही गोष्ट आजही बोलण्यात निघते.

याआधीचं काय? म्हातारी माणसं ठामपणे सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं, सुकडी खाल्ली, खडी फोडली, पण कुणी असा जीव दिला नाही. हे तपासायला साधन नाही, कारण आत्महत्यांच्या राष्ट्रीय नोंदीत शेतकऱ्यांचा वेगळा रकाना १९९५ पासूनचा आहे. २०१४ मध्ये त्याची फोड करून शेतमजूर वेगळे दाखवायला लागले, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडता येत नाहीत. बहात्तरने रोजगार हमी दिली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, एवढं मात्र नक्की. खडीच्या कामावर शंभर माणसं एकत्र बसून भाकरी खायची, याचाही माणसाला आधार होत असेल. हा आपला माझा तर्क.

सामूहिक शोकाची या भागातली मोठी आठवण मात्र किल्लारीच्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ५२ गावं नव्याने वसवावी लागली. मानसोपचाराचे डॉक्टर गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले आमच्या भागाने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. पण पुढे जे टिकलं ते वेगळं होतं. घरबांधणीची माहिती गावात पोचवायला बायका नेमल्या गेल्या, त्यांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणत. काम सिमेंटचं आणि हप्त्यांचं. तरी ओट्यावर बसलं की आधी गेलेल्यांची नावं निघायची, मग सिमेंट. बचत गट वाढले तेही याच काळात. भूकंपात गेलेल्यांबद्दल बोलायला कुणाला लाज नव्हती, हा मोठा फरक होता. सगळं गाव एकाच सुतकात होतं. आत्महत्येनंतरचं घर एकटं असतं. दुखवटा घेऊन आलेले पाहुणे चहा पिऊन पाऊसपाण्याचं बोलतात आणि उठतात.

गप्प राहण्यामागे कायदाही होता. १८६० च्या दंडसंहितेतलं ३०९ कलम: आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयाने ते १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवलं होतं, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९६ च्या निकालाने ते परत उभं राहिलं. प्रत्यक्षात शिक्षा फार कुणाला होत नसे. पण दवाखान्यात पोलीस येणार, जबाब होणार, ही धास्ती पुरेशी होती. वाचलेल्या माणसाच्या कागदावर म्हणून ‘चुकून झालं’ असं लिहिलं जायचं. चुकून झालेल्याला मानसोपचाराकडे कोण पाठवणार? सलाइन संपली की घरी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाने गृहीतक फिरवलं: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ३०९ उरलंच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. गावात हे किती पोचलंय? अजूनही ‘केस होईल’ म्हणून माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायला कचरणारी घरं आहेत. केस होत नाही, हे यात्रेच्या भोंग्यावरून सांगायला हरकत नाही.

मग २०१५ आलं. सलग दुष्काळ. मराठवाड्यात त्या एका वर्षात अकराशेहून अधिक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची महसुली नोंद झाली. पुढच्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याचे फोटो देशभर गेले. त्या गडबडीत एक कमी गाजलेली गोष्ट सुरू झाली होती. उस्मानाबाद आणि यवतमाळ जिल्ह्यांत शेतकऱ्यांना धीर देण्यासाठीचं बळीराजा चेतना अभियान, आणि मराठवाड्याचे आठही व विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत आरोग्य खात्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प. आशाताईंनी घरोघर प्रश्नावली घेऊन जायचं, ताण असलेली माणसं ओळखायची, जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे पाठवायची.

यातली चेतना किती चेतली यावर वाद आहेत. निधी मंडप-भाषणांवर गेला अशी तक्रार तेव्हाही होती. प्रश्नावली भरणं हे आशाताईंच्या आधीच्या पन्नास कामांवर एक्कावन्नावं झालं. पण सरकारी कागदाने पहिल्यांदाच जिवंत माणसाला प्रश्न विचारला होता. झोप लागते का? जेवण जातं का? कशात मन रमतं का? जगणं नकोसं वाटतं का?

हा शेवटचा प्रश्न विचारायला सुरुवातीला सगळेच घाबरत. आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आलं तर? असं होत नाही, हे मानसोपचाराने पुरेसं तपासलेलं आहे. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट सांगणाऱ्याचा भार हलका होतो. आमच्याकडे माणूस ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाहीच. ‘डोक्यात लई इचार यायलेत’ म्हणतो, ‘जीव रमंना’ म्हणतो, किंवा नुसतं ‘टेन्शन’. बाई म्हणते अंग दुखतंय. देण्याघेण्याची अचानक निरवानिरव करणारा, ‘पोरांकडं बघा’ असं सहज बोलून जाणारा माणूस दिसला, तर थांबून विचारायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही, एवढं आशाताईंना प्रशिक्षणातून आणि त्याहून जास्त अनुभवातून कळत गेलं.

पाठवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. जालन्याला आता मंजूर झालं आहे. जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी ज्या दिवशी असेल त्या दिवशी एसटीने जाऊन यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यातच ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. टिकतात त्यांच्याबरोबर बहुतेकदा कुणीतरी असतं: गोळी आठवणीने देणारी आई, गाडीवर मागे बसवून नेणारा मित्र.

विधवांच्या बाजूने हालचाल आणखी उशिरा. १९५६ च्या वारसा कायद्याने पत्नी मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीची वारस आहे. तरी फेरफाराला तिचं नाव चढायला वर्षं जातात, भावकी ‘बघू’ म्हणते. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून त्याच महिन्यात शासनाने कळवलं. आमच्याकडे ठराव काहींनी केले, पाळले त्याहून कमींनी. पण ‘एकल महिला’ हा शब्द बैठकींतून रुळला. नवरा गेलेल्या, सोडलेल्या, बिनलग्नाच्या अशा सगळ्या एका सतरंजीवर बसायला लागल्या. पात्र आणि अपात्र प्रकरणांतल्या बायकाही शेजारी शेजारी. तिथे कुणी ‘का गेला’ विचारत नाही. शेळीचं कर्ज, पोरीची अकरावी, सातबाऱ्याचा फेर असं बोलणं चालतं. मधेच एखादी रडते. बाकीच्या थांबतात, मग पुढे चालू होतं. वर्षश्राद्धाच्या आसपास जुनं सगळं वर येतं हे एकमेकींना माहीत असतं, त्या आठवड्यात दोघी-तिघी तिच्याकडे झोपायला जातात. या पद्धतीला कुठलं नाव नाही आणि अनुदानही नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी करता येतो, तसाच भावासाठी, शेजाऱ्यासाठीही. ‘त्याला काय बोलू’ एवढंच विचारायलाही चालतो. गरज पडली तर तिथून डॉक्टरांशी जोडून देतात. २०२३ मध्ये विभागातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा पुन्हा हजारावर गेला. महसूल खात्याच्या तक्त्यात रकाने अजून तेच आहेत: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. आशाताईंच्या वहीत मात्र काही नावांपुढे तारखांची रांग आहे, दर पंधरा दिवसांनी एक, आणि शेवटच्या तारखेपुढे पेनने लिहिलेलं, ‘भेटले, पेरणीला गेले होते’.