कॉन्टॅक्ट प्रिंट

निगेटिव्ह थेट फोटोच्या कागदावर टेकवून आणि वरून प्रकाश देऊन काढलेली छायाचित्राची प्रत. मध्ये भिंग नसते, त्यामुळे प्रत नेमकी निगेटिव्हच्याच मापाची निघते. ३५ मिमी फिल्मवरचे चित्र २४ × ३६ मिमी, म्हणजे टपाल तिकिटाएवढे. ८ × १० इंची शीट फिल्मवरचे मात्र चौकटीत घालून भिंतीवर लावण्याजोगे. निगेटिव्हचा काळा भाग प्रकाश अडवतो, म्हणून त्याखालचा कागद पांढरा राहतो. पारदर्शक भागाखालचा कागद काळा पडतो. तत्त्व एवढेच. भिंगातून होणारी झीज नाही आणि चित्र मोठे करताना फुटणारे दाणेही नाहीत, त्यामुळे निगेटिव्हमधला बारकावा या प्रतीत जसाच्या तसा उतरतो.

आज डार्करूममध्ये हा शब्द बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट शीटसाठी वापरतात. सगळा रोल कापून एकाच कागदावर मांडायचा आणि एकाच वेळी छापायचा. लाल किंवा पिवळसर दिव्याच्या उजेडात कागद इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची बाजू वर करून ठेवतात, त्यावर फिल्मच्या पट्ट्या आणि वरून जाड, जड काच. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूवर इमल्शन असते आणि ती कागदाला भिडली पाहिजे. हाताला कळणारी खूण अशी की फिल्म इमल्शनच्या बाजूला किंचित वळते. वरून पाहताना कडेचे आकडे सुलटे वाचता आले तर पट्टी बरोबर ठेवली आहे. उलटी ठेवली तर डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, शिवाय फिल्मच्या जाडीएवढे अंतर मध्ये राहिल्याने चित्र थोडे पुसटही होते. काचेखाली धुळीचा कण राहिला की त्याचा पांढरा ठिपका प्रतीत आलाच.

३५ मिमीच्या पूर्ण रोलमध्ये ३६ चित्रे असतात, म्हणून सहा-सहाच्या सहा पट्ट्या करायची पद्धत आहे. एक चित्र मधल्या फटीसह ३८ मिमी जागा घेते, म्हणजे पट्टी २२८ मिमी लांब. ८ × १० इंची कागद २५४ मिमी लांब असल्याने लांबी सहज बसते. रुंदीचे गणित मात्र फसते: सहा पट्ट्या म्हणजे २१० मिमी आणि कागद २०३ मिमीचा. शेवटच्या पट्टीच्या कडेची भोके कागदाबाहेर जातात, नाहीतर पट्ट्या एकमेकींवर चढवाव्या लागतात. पट्ट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात असतील तर अडचण आणखी वाढते. १२० या जास्त रुंद फिल्मची ६ × ६ सेंमीची बारा चित्रे तीन-तीनच्या चार पट्ट्यांत त्याच कागदावर ऐसपैस मावतात.

प्रकाशासाठी एन्लार्जरचाच, म्हणजे चित्र भिंगातून मोठे करून छापणाऱ्या यंत्राचाच दिवा वापरतात, निगेटिव्ह न घालता. किती सेकंद द्यायचे हे आधी टेस्ट स्ट्रिपवर ठरवतात. कागदाच्या तुकड्यावर धुतलेल्या फिल्मचे कोरे, पारदर्शक टोक ठेवायचे, पुठ्ठ्याने झाकायचे आणि दर दोन सेकंदांनी पुठ्ठा थोडा सरकवत जायचे. धुतल्यावर पायऱ्या दिसतात: राखाडी, गडद, काळा. ज्या पायरीनंतर काळेपणा वाढेनासा होतो, तोच वेळ पक्का. त्याहून जास्त दिला तर सावल्यांतले तपशील बुडतात, कमी दिला तर काळा रंग खरा काळा येत नाही. चित्र ‘छान दिसेल’ असा वेळ निवडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग शीट रोलबद्दल खरे काही सांगत नाही.

पुढचा क्रम डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारे), फिक्सर (चित्र पक्के करणारे) आणि पाणी असा. प्लॅस्टिकचा थर असलेला कागद २० अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये साधारण एक ते दीड मिनिट राहतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणीच तिशीच्या आसपास असते, तेव्हा बर्फ पिशवीत बांधून ट्रेमध्ये सोडतात. सुटा बर्फ टाकला तर द्रावण पातळ होते. फिक्सरला जुने लोक अजून हायपोच म्हणतात. त्यातले सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवते हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवले होते, छायाचित्रण जगासमोर येण्याच्या वीस वर्षे आधी.

वाळलेली शीट म्हणजे रोलची हजेरी. प्रत्येक चौकटीला सारखाच प्रकाश मिळालेला असल्याने कॅमेऱ्यामागच्या माणसाचे हात इथे उघडे पडतात. चौकट फिकट असेल तर निगेटिव्ह दाट आहे, म्हणजे चित्र टिपताना प्रकाश जास्त झाला. काळवंडली असेल तर कमी पडला. एकाच प्रसंगाची सहा चित्रे ओळीने असली की नेमका क्षण गाठण्याआधीची चाचपडही दिसते. म्हणूनच अनेक छायाचित्रकार ही शीट कुणाला दाखवत नाहीत. निवडलेल्या चौकटीभोवती मेणचट लाल पेन्सिलीने चौकोन काढायचा, छाटायची जागा रेघेने दाखवायची आणि शीट निगेटिव्हच्या पाकिटाबरोबर क्रमांक टाकून ठेवायची, हा वृत्तपत्रांतला आणि फोटोसंस्थांतला जुना रिवाज.

पद्धत छायाचित्रणाइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५ मध्ये लॅकॉक ॲबी या आपल्या घराच्या खिडकीची कागदी निगेटिव्ह बनवली. १८४१ मध्ये त्यांनी कॅलोटाइप या कागदी निगेटिव्हच्या सुधारित पद्धतीचे पेटंट घेतले. मिठाच्या पाण्यात भिजवून चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर ही निगेटिव्ह दाबून ते उन्हात ठेवत आणि प्रत उन्हातच उमटत असे. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्रार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद आणला. हे कागद इतके मंद होते की भिंगातून मोठे करून छापणे फार जिकिरीचे, म्हणून मोठा फोटो हवा तर निगेटिव्हची काचही मोठी आणि कॅमेराही तेवढाच मोठा. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडणारे छायाचित्रकार लाला दीनदयाळ काचेच्या निगेटिव्हवरच काम करत.

उन्हाची गरज संपवली ती सिल्व्हर क्लोराइडच्या ‘गॅसलाइट’ कागदाने. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांचा व्हेलॉक्स कागद खोलीतल्या मंद उजेडात हाताळता येई. गॅसची ज्योत मोठी केली की छपाई. ईस्टमन कोडॅकने १८९९ मध्ये तो विकत घेतला आणि बेकलंड पुढे बेकेलाइट या प्लॅस्टिककडे वळले, ज्याच्या काळ्या डेव्हलपिंग टाक्या पुढे कित्येक डार्करूममध्ये नांदल्या. एन्लार्जर सर्रास झाल्यावरही अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी ढोबळी मिरचीची आपली प्रसिद्ध चित्रे ८ × १० इंची निगेटिव्हवरून, साध्या लोंबत्या बल्बखाली छापली. आपल्याकडच्या घरोघरच्या अल्बममधले पांढऱ्या कडेचे बोटभर फोटोही बऱ्याचदा याच जातीचे. रस्त्यावर तिथल्या तिथे फोटो काढून देणाऱ्या मिनिट कॅमेऱ्याचा फोटो मात्र वेगळा: त्यात कागदी निगेटिव्हचा पुन्हा भिंगातून फोटो काढतात.

स्थिरचित्रांबाहेरही हेच तत्त्व चालते. चित्रपटाची थिएटरात जाणारी प्रत निगेटिव्हला कोरी फिल्म भिडवून यंत्रातून सरकवत छापली जाई. दादासाहेब फाळके यांच्या दादरच्या घरी फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई करत. इंजिनिअरांची निळी ब्लूप्रिंट हर्शेल यांच्याच १८४२ च्या सायनोटाइप या निळ्या छपाईच्या पद्धतीवरून आली आणि नंतरची अमोनिया प्रिंट हीदेखील स्पर्शानेच निघते. लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटरही इमल्शन लावलेल्या जाळीवर पॉझिटिव्ह टेकवून ट्यूबलाइटच्या पेटीवर किंवा उन्हात धरतो. तिथेही बाजू सांभाळावी लागते: पॉझिटिव्ह पालथा पडला, तर वधू-वरांची नावे आरशात पाहून वाचावी लागतील आणि जाळी धुऊन पुन्हा थर लावण्यापासून सुरुवात.