जागेसाठी भांडणारा मासा विदर्भाच्या तळ्यात

नागपूरच्या बर्डीवरून आणलेली एंजल माशांची जोडी काचेच्या टाकीत महिनाभर गुण्यागोविंदाने नांदते आणि एका सकाळी फिल्टरच्या नळीजवळ कुणाला फिरकू देत नाही. नळीला खसखशीहून जराशी मोठी अंडी ओळीने चिकटलेली. दोघं पर हलवून त्यांना वारा घालतात, शेजाऱ्याला ढुशा देतात. दुकानदार म्हणतो, ‘मासे बिघडले नाहीत, संसाराला लागले.’

एंजल अमेझॉन खोऱ्यातला. त्याच्याच सिक्लिड कुळातला तिलापिया मात्र आपण बाजारात किलोने घेतो. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, तेही दक्षिणेकडचे. गोव्याचं काळुंदर त्यातलं. तिलापिया मूळचा आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा. 1930च्या दशकात जावा बेटावरच्या मुजाइर नावाच्या गावकऱ्याला तो समुद्रकाठी मिळाला आणि त्याने तो गोड्या पाण्यात जगवला. इंडोनेशियात या माशाला आजही मुजाइरच म्हणतात. 1952 साली तो भारतात आला.

तेव्हा असा मासा हवाच होता. रोहू, कटला लाखांनी अंडी देतात, पण पावसाळ्यातल्या वाहत्या नदीत. साचलेल्या तळ्यात नाही. बीज, म्हणजे तळ्यात सोडायची बारीक पिल्लं, नदीतूनच गोळा करावं लागे. पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास करण्याची मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींची युक्ती 1957 मध्ये साधली. तिलापियाला सुईही नको आणि नदीही नको.

नर उथळ गाळात ताटाएवढा गोल खड्डा खणतो. अंग काळं, गळा पांढरा, आणि खड्ड्यापाशी आलेल्या दुसऱ्या नराच्या तोंडाला तोंड लावून रेटारेटी. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पुढचे दोन-तीन आठवडे तिचं खाणं जवळपास बंद. ढिवरांच्या जाळ्यात अशी मादी आली, की तडफडताना तिच्या तोंडातून पिल्लं सांडतात.

अंडी थोडी, पण वाचतात बरीच. इथेच घात झाला. दोन-तीन महिन्यांचे मासेच पुन्हा विणीला लागले, तळी गच्च भरली आणि मासा बोटभरच राहिला. 1959 मध्ये मत्स्य संशोधन समितीने प्रसार थांबवायला सांगितलं, पण तोवर मासा हातातून निसटला होता. माझ्या मते दोष माशाचा नाही, घाईचा.

पुढे उपाय निघाला तो केवळ नरांच्या बीजाचा. अशा तळ्यातही नर खड्डे खणतातच, मादी एकही नसली तरी.