त्याच दरीत, त्याच वाटेने

जंगल पाहायचं तर अभयारण्यच गाठायला हवं, हे मला पटत नाही. जवळच्या एखाद्या दरीत वर्षभर नेमाने चालणाऱ्याला निसर्गाचा क्रम कळतो. आधी कोणतं झुडूप फुललं, मग कुठली फुलपाखरं आली, पक्ष्यांनी घरट्याला काड्या कधी न्यायला घेतल्या, हे एका फेरीपुरत्या आलेल्या तज्ज्ञालाही सांगता येणार नाही.

दरीत तर हा क्रम जागोजागी बदलतो. निरभ्र, शांत रात्री गार हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते. त्यामुळे पहाटे तळात हुडहुडी भरते आणि वर चढावं तसं उबदार वाटू लागतं. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या प्रदेशात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त, म्हणून तिथली फुलं लवकर येतात. समोरच्या उतारावर तीच फुलं अजून कळीत असतात. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये उंचीसाठी एक ठोकताळा दिला होता. दर ४०० फुटांच्या चढाला वसंत सुमारे ४ दिवस मागे पडतो. तो थंड प्रदेशांना लागू आहे. जिथे पावसाळा असतो तिथे वेळापत्रक बरंचसं पाऊसच ठरवतो.

पिवळ्या-लाल घाणेरीचं झुडूप दिसलं तर जरा थांबाच. गुच्छाच्या मध्यावरची फुलं पिवळी आणि कडेची लालसर असतात. फुलपाखरू सोंड कुठे घालतं ते पाहा. बहुतेक वेळा पिवळ्यातच. पिवळं फूल ताजं असतं, मकरंद त्यातच मिळतो. परागण झालं की फुलाचा रंग पालटतो, पण ते लगेच गळत नाही, त्यामुळे गुच्छ लांबूनही ठसठशीत दिसतो. घाणेरी मूळची अमेरिकेतली आणि अनेक देशांत तिने स्थानिक झुडपांना हुसकावलं आहे. तरीही परागण शिकायला इतकं सोपं झुडूप क्वचितच मिळेल.

वहीत न दिसलेलंही लिहावं, असा माझा आग्रह आहे. पहिलं फूल दिसल्याच्या तारखेला वजन येतं ते आदल्या फेरीच्या ‘अजून नाही’ या नोंदीमुळे. ती नसेल तर फूल आज उमललं की पंधरवड्यापूर्वी, हे कसं कळणार? इंग्लंडच्या नॉरफोकमधले जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये झाडांची पालवी, भिंगरी पक्ष्यांचं आगमन, बेडकांची पहिली हाक असं टिपायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्याने या नोंदी १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. वसंत उबदार असला की ओक वृक्षाला पालवी लवकर फुटते, हे त्यांतून दिसलं.

मात्र सगळ्यांचं घड्याळ एक नसतं. झाडं आणि अळ्या बऱ्याचदा तापमानाच्या तालावर चालतात, तर दूरवरून येणारे काही पक्षी दिवसाच्या लांबीवर. हवा तापली की पालवी आणि अळ्या आधी येतात, पक्षी मात्र जुन्याच मुहूर्तावर. नेदरलँड्समध्ये पिल्लांना अळ्या भरवणाऱ्या एका स्थलांतरित माशीमार पक्ष्याच्या बाबतीत हेच घडलं. जिथे अळ्यांचा हंगाम सर्वांत लवकर सरत होता, तिथे त्याची संख्या खूप घटली.